पाणी दोन मीटर चाळीस

"भोंग्या, ते बिस्किट खाणं थांबव! आवाज पलीकडच्या काठापर्यंत जातोय!"

"जाऊ दे की! पक्ष्यांनाही कळेल नाश्त्याची वेळ झाली!"

"कळेल, आणि ते उडून जातील. मग मोजायचं कुणाला, तुला?"

"मला मोजायला सोपं आहे. एक!"

सकाळचे सहा वाजले होते. खाडीकाठच्या लाकडी मचाणात तिघं दाटीवाटीनं बसले होते. मचाण दोन माणसांच्या मापाचं. त्यात तीन मुलं, तीन दप्तरं, पाण्याची एक बाटली आणि भोंग्याचा आवाज एवढं सगळं कोंबलेलं. यातली सगळ्यात जास्त जागा आवाजानं अडवली होती.

भोंगा बारा वर्षांचा. तो कुजबुजला तरी शेजारच्या घरातलं कुत्रं उठून बसायचं. त्याची चुलतबहीण तेरा वर्षांची. तिच्या गळ्यात आंघोळीची वेळ सोडून सदैव दुर्बीण, म्हणून तिचं नावच दुर्बीण पडलं होतं. आणि तिची धाकटी बहीण पावकी. वय दहा, उंची पाव माणसाएवढी. पावकीच्या हातात वही असायची आणि वहीत सगळं असायचं. वर्गात बाईंनी तासाभरात किती वेळा चष्मा पुसला हेही असायचं. बाईंना ते समजलं त्या दिवशी पावकी वर्गाबाहेर उभी होती. किती मिनिटं, तेही वहीत होतं.

दर शरदात उत्तरेकडचे हजारो पक्षी या खाडीत उतरायचे. भरतीचं पाणी चढून चिखल बुडाला की सगळे मधल्या वाळूच्या दांड्यावर गोळा व्हायचे. तेवढ्याच वेळात त्यांची मोजणी करता यायची. एकतीस वर्षं ही मोजणी आतोबांनी केली. आतोबा म्हणजे मुलांच्या आत्याचे यजमान. भरती-ओहोटीच्या पाण्याची नोंद ठेवणं ही त्यांची बंदरातली नोकरी, आणि पक्ष्यांची नोंद ठेवणं हे वेड. दोन्ही एकाच काटेकोरपणानं चालायचं. हे मचाणही त्यांनीच बांधलेलं. त्याचे पुढचे खांब पाण्यात, शिडी काठावर. पुढच्या खांबावर त्यांनी पाण्याची मोजपट्टी रंगवली होती.

गेल्या हिवाळ्यात आतोबा गेले. आज मोजणीचा दिवस होता आणि मोजायला कुणी नव्हतं, म्हणून सहामाही आटोपताच तिघं आत्याकडे आले होते. निदान दुर्बीण-पावकीच्या बाबांना त्यांनी तसं सांगितलं होतं.

खरं कारण वेगळं होतं. आठ दिवसांपूर्वी आत्यानं फोन केला होता आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं, "अरे, हे पुन्हा मोजायला लागलेत. रोज भरतीला. खाडीतून आवाज येतो."

दुर्बिणीच्या बाबांनी फोन ठेवला आणि निकाल दिला. बाबा निकाल फार पटकन द्यायचे. चौकशी मागाहून, सवड झाली तर. "ताई एकटी राहून भलतंसलतं ऐकायला लागलीय. तिला आता तिथे ठेवायचं नाही. मी येतो आणि घेऊन जातो."

आज संध्याकाळी साडेपाचच्या बसनं बाबा येणार होते आणि सातच्या बसनं आत्याला घेऊन परतणार होते. तिचं घर, तिचा ताडपत्र्या शिवायचा कारखाना, तिचं खाडीकडे उघडणारं दार, सगळ्याला कुलूप.

"पाणी चढतंय," दुर्बीण म्हणाली. "तयार राहा."

बाहेर धुकं होतं. दांड्याची कड तेवढी पुसट दिसत होती, आणि तिच्यावर राखाडी ठिपके. लांब वाकड्या चोचीचे कोरल, त्यांच्या पायांशी चिमुकले चिखले पक्षी. कुणी ओरडत नव्हतं. हजारो पक्षी एका जागी असून इतके गप्प, हेच जरा विचित्र होतं.

मग धुक्यातून आवाज आला.

"पाणी दोन मीटर चाळीस. वारा ईशान्येचा."

भोंग्याच्या हातातलं बिस्किट खाली पडलं.

"कोरल. दहा... वीस... तीस..."

तो आतोबांचा आवाज होता. सावकाश, जरा घोगरा, प्रत्येक दहाला पाऊल टाकल्यासारखा. कुठून येत होता ते कळत नव्हतं. पाण्यावरून येत होता, एवढंच.

"चाळीस... पन्नास..." मग दोनदा खोकला. तोच खोकला! "साठ... सत्तर..."

"दुर्बिणे," भोंगा म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याची कुजबूज खरोखरच कुजबूज झाली. "आपण घरी जाऊ या ना!"

दुर्बिणीनं त्याचा हात घट्ट धरला. धीर द्यायला की घ्यायला, हे तिलाही सांगता आलं नसतं. पावकी मात्र लिहीत होती. अक्षर वाकडं येत होतं, पण ती लिहीत होती.

"एकशे दहा... एकशे बारा. कोरल एकशे बारा. चिखले. पन्नास... शंभर... दीडशे..."

आणि एकाएकी किंकाळी! एक नव्हे, शेकडो! पंखांचा प्रचंड फडफडाट, कर्कश, जीव कंठाशी आलेला आरडाओरडा सगळ्या खाडीवर पसरला. त्याबरोबर समोरच्या दांड्यावरचे पक्षी खरोखरच उठले. धुक्याचं एक पांघरूणच उचलून कुणी फेकून द्यावं तसे ते वर गेले आणि दिसेनासे झाले.

मग काहीच नाही. पाणी खांबांना चुबुक चुबुक लागत होतं तेवढंच.

दुर्बीण वाट बघत होती. आतोबा मोजणी संपवताना नेहमी एक वाक्य म्हणायचे. शेवटचा आकडा सांगून झाला की डोळ्यांवरची दुर्बीण खाली घ्यायचे आणि विचारायचे, "आणि कुणी राहिलं का?" मग एक श्वासभर थांबायचे. राहिलेला एखादा पक्षी तेवढ्यात दिसला तर तोही धरायचे, आणि मगच वही मिटायचे.

ते वाक्य आलंच नाही.

"पळा!" भोंगा ओरडला, आणि यावेळी कुजबुजला नाही.

शिडीवरून भोंगा आधी उतरला, दुर्बीण मागोमाग. पावकी मात्र मधल्या पायरीवर थांबली.

"अगं, काय करतेयस? चल!"

"आतोबांनी शिकवलंय, पाणी वाचल्याशिवाय मचाण सोडायचं नाही." तिनं खाली वाकून मोजपट्टी वाचली, वहीत आकडा घातला आणि मगच ती पळाली. घाबरली ती सगळ्यांइतकीच होती. पण नियम तो नियम!

*

आत्याचा कारखाना म्हणजे घराची पुढची लांबलचक खोली. एका टोकाला जाड सुईचं शिवणयंत्र, भिंतीशी ताडपत्रीचे गुंडाळे, पत्र्याच्या डब्यांत पितळी कड्या. नेहमी जमिनीवर एखाद्या होडीचं छत पसरलेलं असायचं. आज जमीन मोकळी होती. मोठ्या कात्र्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या होत्या.

आत्या एक शेवटची शिवण मारत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "ऐकलंत?"

तिघं एकमेकांकडे बघू लागले. भोंग्यानं बूट बघितले.

"ऐकलं," दुर्बीण म्हणाली.

"बरं झालं," आत्या म्हणाली. यंत्र चालूच होतं. "मला वाटायला लागलं होतं, बाळ म्हणतो तेच खरं." बाळ म्हणजे बाबा. बाबांचे केस पांढरे झाले होते, तरी आत्याकडे ते बाळच होते. "भीती वाटली का रे?"

"छे!" भोंगा म्हणाला. "बिस्किट पडलं, म्हणून परत आलो."

"आत्या," पावकी वहीत बघत म्हणाली, "पण आतोबांनी पाणी चुकीचं सांगितलं. ते म्हणाले दोन मीटर चाळीस. मी पट्टी वाचली, एक मीटर साठ होतं. दोन चाळीस पाणी चढलं असतं तर मचाणाची फळी भिजली असती. आपले पाय ओले झाले असते!"

यंत्र थांबलं.

"दोरा तुटला," आत्या म्हणाली.

दुर्बिणीनं बघितलं. दोरा सुईत होता, सरळ, अखंड. आत्यानं क्षणभर हात तसाच ठेवला आणि मग यंत्र पुन्हा चालू केलं. चहा-पाव घेऊन दुर्बिणीनं दोघांना मागच्या खोलीत ओढलं.

"भुतं खोटं बोलत असतील," दार लावत ती म्हणाली. "त्याचा मला अनुभव नाही. पण आतोबा पाण्याच्या बाबतीत खोटं बोलतील? मरून गेले तरी नाही!"

"मरूनच गेलेत," भोंगा म्हणाला.

"म्हणूनच म्हणते. हा आकडा आजचा नाही. पण कुठल्या तरी दिवसाचा आहे!"

मागच्या खोलीत आतोबांच्या वह्या होत्या. एकतीस वर्षांच्या एकतीस, पाठीवर सालाचे आकडे. मोजताना दोन्ही हात दुर्बिणीला लागायचे, म्हणून आतोबा आकडे तोंडानं बोलून कॅसेटवर घ्यायचे आणि घरी आल्यावर ऐकून वहीत उतरवायचे. पाणी, वारा, पक्षी. त्याच क्रमानं, दर वेळी. बाकी माणसं आधी पक्षी बघतात. आतोबा आधी पाणी बघायचे. नोकरी अंगात मुरते ती अशी.

"पाणी दोन चाळीस, वारा ईशान्य, कोरल एकशे बारा," पावकी पुटपुटत होती. तिघांनी वह्या वाटून घेतल्या. पहिल्या तासात काही नाही. दुसऱ्या तासात भोंग्याला शिंका. सकाळ टळली. आणि मग सहा वर्षांपूर्वीच्या वहीत पावकीचं बोट थांबलं.

"सापडलं!"

पाणी २.४०. वारा ईशान्य. कोरल ११२. चिखले १५०, आणि पुढे आतोबांच्या बारीक अक्षरात: 'ससाणा आला. सगळे उठले. मोजणी मोडली. कॅसेट क्र. ४७.'

"ती किंकाळी!" दुर्बीण म्हणाली. "ससाणा झडप घालतो तेव्हा सगळे असे ओरडतात. आणि मोजणी मोडली, म्हणून शेवटचं वाक्य नाही! कुणीतरी कॅसेट लावतंय!"

"पण कुणी? आणि कशाला?" भोंग्याला आता भुतापेक्षा राग जास्त आला होता.

"कॅसेटी कुठे आहेत?"

कॅसेटींच्या जागी कपाटात चार रिकामे कप्पे होते. आत्यानंच त्या दिल्या होत्या. नीट जपल्या जातील म्हणून, पक्षीमित्र मंडळाच्या चिटणीसांकडे.

*

चिटणीसांचं कार्यालय ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. चिटणीस अतिशय व्यवस्थित गृहस्थ होते. टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे मांडलेल्या, भिंतीवर सभांची छायाचित्रं, सगळ्यांत चिटणीस मधोमध. पक्ष्याचं छायाचित्र एकच होतं, आणि तेही दाराआड.

"कॅसेटी? अरे वा! जतन करून ठेवल्या आहेत," ते म्हणाले. "मंडळाच्या वस्तू मंडळातच असतात. कपाटात. कुलपात. एकूण ऐंशी."

"बघू का?" दुर्बिणीनं विचारलं.

"लहान मुलांनी हात लावायचा नसतो."

"हात नाही लावत. लांबून बघतो. तुम्ही किती छान ठेवल्या आहेत ते आत्याला सांगू!"

चिटणीसांनी ताबडतोब किल्ली काढली. कौतुक म्हटलं की ते कुठलंही कुलूप उघडायचे. कपाटात कॅसेटी ओळीनं उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर आतोबांच्या अक्षरातली चिठ्ठी. पावकी कपाटासमोर उभी राहिली. तिचे ओठ हलू लागले. भोंग्यानं चिटणीसांना भिंतीवरच्या सभांबद्दल विचारलं. तिसऱ्या सभेपर्यंत चिटणीस रंगात आले होते.

"एकोणऐंशी," पावकी म्हणाली.

चिटणीस थांबले. "अं?"

"एकोणऐंशी आहेत. सत्तेचाळीस नंबर नाही."

"असेल, असेल. मागे पडली असेल."

"मागे बघितलं. नाही."

चिटणीसांनी एक पेन्सिल उचलून दुसऱ्या जागी ठेवली, मग परत पहिल्या जागी. "ती... ती एका गृहस्थांना उसनी दिली आहे. कोळंबीचा तलाव आहे ना खाडीपलीकडे, त्यांना. पक्षी येऊन कोळंबी खातात म्हणाले. पक्ष्यांना भीती वाटेल असा आवाज हवा होता. मी चिठ्ठी वाचली, 'ससाणा आला'! म्हटलं, हीच!"

"ऐकून बघितलीत?" दुर्बिणीनं विचारलं.

"ऐकून? अहो, चिठ्ठी स्पष्ट होती ना!"

"पक्षीमित्र मंडळानं पक्ष्यांना हाकलायला कॅसेट दिली?" भोंगा म्हणाला, आणि खाली ग्रंथालयात वाचणाऱ्या सगळ्यांनी माना वर केल्या.

"हळू! हळू रे!" चिटणीस कासावीस झाले.

"हळू मला येत नाही! आमची आत्या घर सोडून चाललीय! आज सातला! ती वेडी झाली म्हणताहेत सगळे!"

चिटणीस खाली बसले. माणूस वाईट नव्हता. फक्त आतलं ऐकण्यापेक्षा वरची चिठ्ठी वाचण्यावर त्याचा विश्वास जास्त होता. "मला खरंच ठाऊक नव्हतं," ते म्हणाले, आणि पेन्सिली पहिल्यांदाच वेड्यावाकड्या पडल्या.

*

तलाववाले पंपाच्या खोलीत होते. तीस वर्षं पंपांच्या धडधडाटात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि हे सोडून बाकी सगळं त्यांना मान्य होतं.

"काका, तुमचं पक्षी हाकलायचं यंत्र बघायचंय!" दुर्बीण म्हणाली.

"पाणी प्यायचंय? तिकडे माठ आहे!"

"यंत्र!" भोंगा म्हणाला.

"असं स्पष्ट बोलावं माणसानं," तलाववाले खूश होऊन म्हणाले. "या! माझी युक्ती आहे!"

बांधावर एका खांबाला खाडीकडे तोंड केलेला मोठा कर्णा होता. खाली लाकडी पेटी. खाडीच्या चिखलावर एक पत्र्याचा डबा पडला होता, त्याला तार. "पाणी दीड मीटरवर आलं की डबा वर येतो, तार ढिली होते, बटण दाबलं जातं. कॅसेट सुरू! वाजून झाली की आपोआप मागे जाते. भरतीलाच येतात ना पक्षी? यंत्रही भरतीलाच ओरडतं! मी हात लावत नाही. पंधरा दिवस झाले!"

"आणि ते काय ओरडतं?" दुर्बिणीनं विचारलं.

"ससाणा!"

"तुम्ही ऐकलंत?"

"नाही बुवा. इथून एवढं ऐकू येत नाही." ते तीन पावलांवर उभे होते. "पण फरक पडलाय! जरा उशिरा उडतात, पहिली पाच मिनिटं खातात. का ते कळत नाही."

पावकीला कळलं होतं. पहिली पाच मिनिटं आतोबा पक्षी मोजत होते. आतोबांच्या आवाजाला इथला कुठला पक्षी भिणार?

दुर्बिणीनं पेटी उघडली. आत कॅसेट होती, आणि तिच्यावर ते ओळखीचं बारीक अक्षर. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

"काढ ना!" भोंगा म्हणाला. "काढ आणि तुझ्या बाबांच्या पुढ्यात टाक!"

"बाबा म्हणतील, कॅसेट आहे, बरं. पण ताईनं ती ऐकून नवरा परत आला असं मानलं, म्हणजे तिचं डोकं ठिकाणावर नाहीच. एकदा निकाल दिला की बाबा पुरावा ऐकतात का? त्यांनी स्वतः ऐकलं पाहिजे. धुक्यात. मचाणात." तिनं पेटीचं झाकण लावलं. "आणि दुसरं... आत्याला खरं सांगितलं की आवाज जाईल. रोज दोनदा येतात ते तिच्याकडे. आपणच त्यांना घालवणार."

पत्र्याचा डबा चिखलावर आडवा पडून राहिला होता. भरतीला अजून तीन तास होते.

"पण नाही सांगितलं," पावकी हळूच म्हणाली, "तर आत्या जाणार आणि आवाजही राहणार. ऐकायला कुणीच नाही. ते जास्त वाईट."

भोंगा पेटीशेजारी बसला. "मी इथे थांबतो. या पेटीला माइक लावायची जागा आहे. काका, माइक आहे का?"

"बाईक? नाही, सायकल आहे!"

*

साडेपाचला बाबा आले. त्यांनी पेट्या मोजल्या, बसची वेळ सांगितली, आणि आत्याला म्हणाले, "ताई, उगाच मागे वळून बघायचं नाही."

"बाबा," दुर्बीण म्हणाली, "आज मोजणीचा दिवस आहे. सकाळची मोजणी मोडली. भरती साडेसहाची. एकदा मचाणात चला. मग बस."

"वेळ नाही."

"आत्या, तू चल. आतोबा गेल्यापासून तू एकदाही मचाणात आली नाहीस."

आत्यानं पदराला हात पुसले. "चलते," ती म्हणाली, आणि बाबांची चप्पल त्यांच्यापुढे सरकवली. ताईनं चप्पल पुढे सरकवली की बाळाला पाय घालावाच लागतो, केस कितीही पांढरे असोत.

धुकं परत आलं होतं. उजेड राखेसारखा झाला होता. मचाणात चौघं उभे राहिले, पाणी चढत होतं, आणि दांड्यावर ठिपके जमत होते. बाबांनी घड्याळ बघितलं. मग पुन्हा बघितलं.

"पाणी दोन मीटर चाळीस. वारा ईशान्येचा."

बाबांचा घड्याळाचा हात खाली आला.

"कोरल. दहा... वीस..."

"भावोजी?" बाबा म्हणाले. अगदी लहान मुलाच्या आवाजात. त्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता. त्यांनी कठड्याला धरलं, आणि मग दुर्बिणीला. "हे... हे खरंच... ताई, तू म्हणत होतीस ते..."

दोनदा खोकला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"बाबा," दुर्बीण म्हणाली. तिचा स्वतःचा आवाजही सरळ नव्हता. सगळं ठाऊक असूनही अंगावर काटा आला होता. "ते सत्तरला थांबतील."

"काय?"

"...साठ... सत्तर..."

शांतता. एवढी अचानक, की दांड्यावरचे कोरलसुद्धा माना वर करून बघू लागले.

मग धुक्यातून एक भलताच आवाज घुमला. "काका! ऐकू येतंय का? मी भोंगा! कोळंबीच्या तलावावरून! आतोबांची कॅसेट इथे पेटीत आहे! आत्या वेडी नाही! तिला आपल्यापेक्षा चांगलं ऐकू येतं! माइक चिटणीसांनी आणून दिलाय, तेही इथेच आहेत, ते माफी मागताहेत, पण त्यांना कर्ण्यासमोर बोलायला लाज वाटतेय!"

बाबा मचाणाच्या फळीवर मटकन बसले. दुर्बिणीनं आणि पावकीनं मिळून सगळं सांगितलं. पाणी, वही, कॅसेट, तरंगता डबा. बाबांनी मध्ये एकदाही निकाल दिला नाही. ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. मग ते बहिणीकडे वळले. "ताई, माझं चुकलं. मी विचारलंसुद्धा नाही, नक्की काय ऐकू येतं म्हणून. पेट्या सोडतो मी. माझ्या हातानं." त्यांनी मुलींच्या डोक्यावर हात ठेवला. "तुम्ही तिघांनी मोठ्यांचं काम केलंत. आम्ही मोठ्यांनी मात्र काय केलं, कोण जाणे."

दुर्बीण आत्याकडे बघायला भीत होती. "आत्या, आम्हाला माफ कर. ते... आतोबा नव्हते."

आत्या पाण्याकडे बघत होती. "माहीत होतं गं," ती म्हणाली.

"माहीत होतं?"

"पाणी चुकत होतं ना. पहिल्याच दिवशी कळलं. पस्तीस वर्षं संसार केला, पाणी कधी बोटभर चुकलं नाही त्यांचं." तिनं कठड्यावरचं दव पुसलं. "पण मी म्हटलं, असू दे. गेल्यावर तरी माणसाला थोडं चुकू द्यावं."

पावकीची पेन्सिल थांबली होती. हे वाक्य लिहायचं की नाही, ते तिला ठरवता येईना.

खाडी गप्प होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच भरती आली होती आणि किंकाळी झाली नव्हती. दांडा भरत चालला होता. धुक्यातून थवेच्या थवे उतरत होते आणि उतरताना आवाज करत नव्हते.

आत्यानं हात पुढे केला. दुर्बिणीनं गळ्यातली दुर्बीण काढून दिली.

"पावके, पाणी?"

पावकी शिडीवरून वाकली. "एक मीटर साठ!"

"पाणी एक मीटर साठ," आत्या म्हणाली, सावकाश, जरा घोगऱ्या आवाजात. "वारा नाही. कोरल. दहा... वीस... तीस..."

उजेड संपेपर्यंत ती मोजत राहिली. पावकी लिहीत राहिली. सातची बस वरच्या रस्त्यावरून दिवे लावून गेली. बाबांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. भोंगा आला. त्याच्यामागे चिटणीस, सत्तेचाळीस नंबरची कॅसेट दोन्ही हातांनी धरून, जणू अंडं. काठावर शिडीशी उभे राहून दोघं ऐकत होते. भोंगासुद्धा गप्प होता.

"कोरल एकशे सव्वीस. चिखले नऊशे चाळीस." आत्यानं दुर्बीण खाली घेतली. मग, कुणी न सांगता, तिनं विचारलं, "आणि कुणी राहिलं का?"

सगळे थांबले. एक श्वासभर.

दूर, दांड्याच्याही पलीकडे, जिथे नुसतं धुकं होतं आणि काहीच दिसत नव्हतं, तिथून एका एकट्या कोरलानं हाक दिली. लांब, चढत जाणारी. एकदाच.

आत्या हसली.

"एक," ती म्हणाली. "लिही गं."